दाजी, हार्टाचं सांगायचं राहिलं

दाजी, मंगळवारी सकाळी तुम्ही मला फोन केला होता, हे अजून अक्काला माहीत नाही.

आज सोमवार, अजून पहाट आहे. बुधवारी सकाळी तुम्ही गेलात. या पाच दिवसांत गावातल्या आणि पैपाहुण्यांतल्या प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगत आलेय, "काहीच कल्पना नव्हती हो, एकदम झालं." कल्पना नव्हती हे खरं आहे. पण मला विचारलं गेलं होतं, हे मी कुणाला सांगत नाही. तुमचा मोबाइल अक्काच्या उशाशी असतो. तो वाजला की ती उचलते, "हां, खरं हाय," एवढंच म्हणते आणि ठेवून देते. तिचं बोट त्या काचेवर फिरायला लागलं की मी चहाचे कप गोळा करायला उठते. तुम्ही स्वतः लावलेल्या फोनांच्या यादीत सगळ्यात वर माझंच नाव असणार.

नऊ वाजून गेले होते. मी पुण्यात, प्रयोगशाळेत, मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते. आठ दिवस रुसून बसलेल्या माझ्या बशीतल्या पेशी त्या सकाळी एकदाच्या मिसळायला लागल्या होत्या आणि मी हरखून गेले होते. तुम्ही नेहमीसारखे ओरडूनच बोललात. "शैलाबाई, डावा खांदा लई भरून आलाय. पाठीपस्तोर जातंय. काल दुधाचे कॅन चढवले गाडीत, तवापासून." मी म्हणाले, "या वयात कॅन चढवायला कुणी सांगितलं तुम्हाला? मांस जरा फाटलं असेल. तुमचे ते राखीव सभासद, झोपलेल्या पेशी, उठले असतील कामाला. दोन दिवस ओझं उचलू नका, जुळतंय." तुम्ही हसलात. मग विचारलंत, "म्हंजी बीडला दाखवायचं काम न्हाई?"

आणि मी म्हणाले, "खांद्यासाठी कशाला जाताय बीडला?"

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा नसतील झाली. घाम येतोय का, दम लागतोय का, हे मी विचारलं नाही. मी डॉक्टर नाही, असं म्हणायची मला सोय आहे. स्नायूंच्या पेशी एकमेकींत कशा मिसळतात ते बघणं हे माझं काम, माणसं तपासणं नव्हे. पण तुम्ही गावभर सांगायचात, "आमची मेव्हणी मांसाची डॉक्टर हाय." मी ते एकदाही खोडून काढलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

बुधवारचं मला दूध संस्थेच्या चेअरमननी, दगडूनानांनी, सांगितलं. सकाळचं दूध चालू होतं, रांगेत सात-आठ जण होते. तुम्ही कुणाच्या तरी किटलीतलं दूध ओतून घेतलंत, रिकामी किटली परत दिलीत, आणि "जरा थांबा," म्हणून पालथ्या क्रेटवर बसलात. लोक थांबले. सेक्रेटरी थांबा म्हणाला, म्हणजे थांबायचं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग नानांनी तुमचा चेहरा बघितला. जीपमध्ये नानांच्या मांडीवर डोकं ठेवून तुम्हाला बीडकडं नेलं आणि मांजरसुंब्याच्या घाटातच सगळं संपलं. मी हे दहा वेळा ऐकलंय आणि दहाही वेळा मला वाटतं की पुढच्या वाक्यात तुम्ही उठून बसाल आणि कुणावर तरी ओरडाल. अजून वाटतं. आत्तासुद्धा बाहेर कुणी खाकरलं की हे लिहितेय ती वही मी झाकते.

तुमच्यासारखा गडी! मी सातवीत होते तेव्हा तुम्ही अक्काला बघायला आलात. तुमच्या मानेपेक्षा तुमचे कानच आधी दिसले. कुस्तीत घासून-चेपून गोळा झालेले, मुरमुऱ्याच्या लाडूसारखे कडक. मी सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचे कान असे कावून?" आईनं मला चिमटा काढला. तुम्ही म्हणालात, "हाताला लागले ते घिऊन आलो, घाईत व्हतो." आणि खाली वाकून मला ते बोटानं दाबून बघू दिलेत. त्या कानांनी तुम्हाला पुढं ऐकू कमी यायला लागलं. म्हणून तर तुम्ही फोन कानाला लावायचा सोडून स्पीकर लावून आरशासारखा तोंडापुढं धरायचात आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचात.

बारावीनंतर आमच्या अप्पांनी माझं लग्न ठरवायला घेतलं. तुम्ही आलात, चहा प्यालात आणि म्हणालात, "हिला बीडला घालतो कॉलेजात. येत-जात मी सोडीन." मोटारसायकलला एका बाजूला दुधाचा कॅन अन् मागं मी, अशी तीन वर्षं तुम्ही मला लिंबागणेशच्या फाट्यापर्यंत सोडलंत. मी कधी नीट आभार मानले नाहीत. तुम्हाला ते आवडलंही नसतं. पण मानायला काय झालं होतं मला?

आपली खरी दोस्ती दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात झाली. मी पुण्याहून आले होते. गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी पडली होती आणि तुम्ही सकाळपासून तिथंच. अक्काची काशी म्हैस खाली बसली होती. बसलेलं जनावर आपणहून उठत नाही, आणि उठलं नाही तर संपतं. तुम्ही तिच्या पोटाखालून पोत्यांचा झोळ घातलात, दोन्हीकडून तीन-तीन गडी लागले, "हं, उचल" म्हणून तिला उभी केली, आणि तिचे पाय भुईला धरेपर्यंत तशीच पेलून धरली. दिवसातून तीनदा. मग घाम पुसत माझ्याकडं आलात. "तुमी मांसाचं शिकताव ना? मग सांगा, हिचं मांस गेलं कुठं? कापून तं कोणी नेलं न्हाई."

त्या प्रश्नानं मी खूश झाले. लॅबमध्ये इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आपण चाऱ्याच्या पेंढ्यांवर बसलो आणि मी सांगत गेले. मांस म्हणजे बारीक धाग्यांचे जुडगे. आणि एक धागा म्हणजे शरीरातल्या बाकीच्या पेशींसारखी साधी एक पेशी नव्हे. आईच्या पोटात असतानाच शेकडो लहान पेशी एका ओळीत येतात, एकमेकींना चिकटतात, मधल्या भिंती सोडून देतात आणि सगळ्यांची मिळून एकच लांबलचक पेशी होते. भिंती जातात, पण प्रत्येकीचं केंद्रक, म्हणजे कारभार चालवणारी गाठ, आत तशीच शाबूत राहते. उपाशी जनावराचं शरीर त्या धाग्यातला ऐवज मोडून खातं. धागा बारीक होतो. पण केंद्रकं बरीचशी जागेवर थांबतात, असं आमच्यातले पुष्कळ जण मानतात, सगळे नाहीत. म्हणून खायला मिळालं की धागा पुन्हा भरतो.

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "म्हंजी सभासद हायेत, दूध न्हाई! आपल्या संस्थेवानीच की!"

तेव्हापासून तुमची भाषा माझ्या डोक्यात बसली. धाग्याच्या कडेला, त्याच्या वेष्टणाखाली, काही पेशी न मिसळता झोपून राहतात. धागा फाटला की त्या जाग्या होतात, वाढतात, फाटलेल्या जागी सरकत येतात, एकमेकींत आणि जुन्या धाग्यात मिसळून जातात. त्यातल्या काही पुन्हा जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. तुम्ही त्यांचं नाव ठेवलंत राखीव सभासद. मी माझ्या विद्यार्थ्यांनाही आता तेच सांगते. मिसळायला दोन प्रथिनं लागतात. एक पडद्याला पडदा भिडवून अर्धवट एक करतं, दुसरं शेवटी त्यात दार पाडतं. तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय. बैठक घ्यायला येक माणूस लागतो, सही करायला दुसरा."

मोबाइलवर मी तुम्हाला चित्रफीत दाखवली. दोन दिवसांचं मिसळणं अर्ध्या मिनिटात. ती तुम्ही सगळ्या दुधाच्या रांगेला दाखवत सुटलात. पेशी आधी एकमेकींना चाचपतात, सरकतात, परत येतात, आणि मग अचानक मधली रेघ दिसेनाशी होते. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, लागलं वाटतं लगीन." त्यावर तुम्ही इतके हसलात की मापाचं दूध सांडलंत आणि अक्कानं तुम्हाला सगळ्यांदेखत झापलं.

आणि मग तुम्ही तो फळा सुरू केलात. संस्थेची खोली आपल्या घराला लागूनच, तिच्या भिंतीवर फळा. वर तारीख, मधे टँकर कधी येणार ते, आणि खाली तुमच्या मोठ्या गोल अक्षरात एक ओळ, माझ्याकडून ऐकलेली. "म्हशीला आणि माणसाला मांस एकाच रीतीने जुळते." "मिसळलेली पेशी परत सुटी होत नाही." दूध घालायला येणारा प्रत्येक जण ती वाचायचा आणि ज्याला वाचता येत नसे त्याला तुम्ही वाचून दाखवायचात. मी दर रविवारी फोनवर नवी ओळ द्यायची, असा नेमच झाला होता.

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. त्याच दुष्काळात दूध इतकं आटलं की गावातल्या दोन संस्थांना मिळून एक कॅन भरेना. तुमच्या एवढ्याशा गावात दोन संस्था का होत्या, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत. तुमच्या वरच्या आळीच्या संस्थेत पूर्वी खालच्या बौद्धवाड्याचं दूध वेगळ्या कॅनमध्ये ओतून घेत. गाडीत गेल्यावर सगळे कॅन सारखेच, पण इथं वेगळा. दगडूनानांच्या वडिलांनी एक दिवस किटली उचलली, घरी नेली आणि आपल्या लोकांची संस्था काढली. आता दुष्काळानं दोन्ही बंद पडायची वेळ आली होती आणि तुम्हाला त्या एक करायच्या होत्या. तुम्ही मला विचारलंत, "पेशीत आधी कोण म्होरं येतंय?"

मी सांगितलं की फळमाशीत हे नीट बघितलं गेलंय. एक पेशी बोटं रोवावीत तशी दुसरीत घुसू बघते. दुसरी मऊ पडत नाही. ती आतून ताठ होते, उलटं रेटते. तसं रेटलं तरच पडदे भिडतात. दुसरी ढिली पडली तर मिसळणं होतच नाही. तुम्ही तसेच उठून नानांकडं गेलात आणि म्हणालात, "नाना, तुमी इरोध करा. लई करा. फक्त जागेवरून हलू नका." नाना मला अजून ते सांगतात. ते तुम्हाला म्हणाले होते, "आमची भिंत आमी हौसंनं न्हाई बांधली."

ते वाक्य तुम्हाला लागलं. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मला म्हणालात, "त्यांनी कावून भिंत पाडायची? ज्याची त्याची भिंत राखून येक व्हता येत न्हाई का, शैला?" मी शहाणी! मी म्हणाले, "नाही येत. भिंत राहिली तर जोर येत नाही. शरीर बघा की." तुम्ही मान हलवलीत, पण तुम्हाला ते पटलं नव्हतं. शेवटी नानांनी दोन अटी घातल्या. चेअरमन ते होतील, आणि पहिल्या दिवशी दोन्ही आळ्यांचं दूध सगळ्यांसमोर एका कॅनमध्ये, एकाच वेळी ओतलं जाईल. तुम्ही आणि नाना दोघांनी एकदमच किटल्या वाकड्या केल्यात. वरच्या आळीतले दोघं-तिघं तोंड फिरवून गेले. तुम्ही त्यांच्या नावानं हाक मारून म्हणालात, "उद्या येताल. म्हशी तुमच्या हायेत, माझ्या न्हाईत." दुसऱ्या दिवशी नाही आले. चौथ्या दिवशी आले.

तरी दर वेळी मी आले की तुम्ही तेच काढायचात. "भिंत राखून जमायला पायजे व्हतं. त्यांच्या संस्थेची पाटी गेली, आपली ऱ्हायली." मी तेच उत्तर द्यायची. असं भांडण कित्येक वर्षं चाललं. मला वाटायचं, मी जिंकतेय.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला बीडच्या स्टँडवर सोडायला आलात. मी पुण्याच्या गाडीत, तुम्ही खिडकीखाली, हातात माझ्यासाठी घेतलेला पेरूंचा पुडा. गाडी सुरू झाली आणि तुम्हाला अचानक सुचलं. "आन् हार्टाचं काय? ते बी मांसच की! त्यात बी राखीव सभासद असतात का?" मागच्या सीटवरची बाई दचकली. मी हात हलवला आणि ओरडले, "हार्टाचं पुढच्या खेपेला!"

त्यानंतर मी तीनदा आले. एकदा अक्काचा मोतीबिंदू, एकदा तुमच्या धाकटीचं बाळंतपण, एकदा नुसतीच झोपा काढायला. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत आणि मीही विसरले. आता सांगते, दाजी. ऐका.

हार्ट मांसच आहे, पण त्यात पेशी तशा मिसळत नाहीत. प्रत्येक पेशी आपली भिंत राखून असते. शेजारणीला टोकाला टोक लावून ती घट्ट धरते, त्या भिंतीत बारीक वाटा असतात, त्या वाटांनी एकीचा इशारा दुसरीला पोचतो आणि सगळ्या एकदम आवळतात. भिंत कुणीच पाडत नाही आणि तरी सगळं एका ठोक्यात चालतं. तुम्ही म्हणत होतात तेच. इतकी वर्षं तुम्ही बरोबर होतात आणि त्याचा पुरावा तुमच्याच छातीत होता. मला ते माहीत होतं हो! पहिल्या वर्षाला शिकवतात. पण माझं काम मिसळण्याचं, माझा सगळा तोरा मिसळण्याचा, म्हणून भांडताना ते मी बाजूला ठेवलं. हरायला नको म्हणून ठेवलं असेल. आता काय सांगू.

आणि दुसरी गोष्ट. हार्टाला राखीव सभासद नाहीत. तिथं कुणी झोपून राहिलेलं नसतं. रक्त तुटलं आणि पेशी मेल्या, की त्यांच्या जागी नव्या येऊन मिसळत नाहीत. नुसता वण धरतो. खांदा जुळतो तसं ते जुळत नाही. हे एवढं वाक्य स्टँडवर, चालत्या गाडीतून, ओरडून सांगता आलं असतं. हार्टाचं दुखणं डाव्या खांद्यात येतं, पाठीत येतं, हेही. तेवढं तुम्हाला ठाऊक असतं तर मंगळवारी तुम्ही मला फोनच केला नसतात, सरळ बीडला गेला असतात. किंवा केला असतात आणि मला म्हणाला असतात, "शैलाबाई, हार्ट तं नसंल?" आणि मी डोळे मायक्रोस्कोपवरून उचलले असते.

पहाटे इथवर लिहून वही मिटली, पुढचं आता रात्री लिहितेय. हे सगळं मी पाच दिवस मनातल्या मनात तुम्हाला सांगत होते आणि बाहेर पाहुण्यांना चहा देत होते. संस्थेच्या खोलीत मी गेले नव्हते. तिकडं बघायचंही टाळत होते. आज सकाळी नानांनी हाक मारली, "ताई, किल्ल्यांचा जुडगा कुठं ठिवतेत बघा," म्हणून गेले. आणि फळ्यासमोर उभी राहिले.

तुम्ही मंगळवारी संध्याकाळी लिहिलं होतं. वर तारीख, टँकर उद्या अकरा वाजता, आणि खाली: "मांस फाटले तर घाबरू नये. राखीव पेशी येऊन मिसळतात. दोन दिवस ओझे उचलू नये, आपोआप जुळते. बीडला जायचे काम नाही."

माझंच वाक्य. तुमच्या गोल अक्षरात.

फळा कुणी पुसला नव्हता. तुमचं शेवटचं अक्षर म्हणून पाच दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. नानांनी टँकरची वेळ वेगळ्या पुठ्ठ्यावर लिहून खिळ्याला अडकवली होती. दोन्ही वेळा सगळं गाव रांगेत उभं राहून ते वाचत होतं. काही जण वाचून नमस्कार करत होते. एक जण खांदा चोळत उभा होता, दाजी. साधाच चोळत असेल.

मी तशीच घरात गेले. अक्का भिंतीला टेकून बसली होती, मोबाइल मांडीवर. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "अक्का, मंगळवारी त्यांनी मला फोन केलता. खांदा दुखतो म्हणले. मी म्हणले, बीडला कशाला जाताव."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे कोरडे होते, पाच दिवसांत मी ते ओले बघितलेच नाहीत.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"तोंडापुढं धरून बोलतेत ना त्ये. मी हितंच म्हशीला आंबोण कालवीत व्हते. सगळं ऐकलं." मग तिनं मोबाइल उलटा करून ठेवला. "फोन ठिवल्यावर मला म्हणले, 'जाऊन यावं का गं तरी?' मी म्हणले, 'शैला शिकलेली हाय, ती न्हाई म्हणती, मग कावून जाताव? दूध कोण घेईल?' मी म्हणले, शैला. तू न्हाईस. मी म्हणले."

आम्ही दोघी पाच दिवस एका चटईवर झोपत होतो. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून. तिला वाटत होतं, शैलाला सांगितलं तर ती स्वतःला खाईल. मग ती रडली. मला धरून, तोंडात पदर घालून. तुमचं नाव ती कधी घेत नसे. आज घेतलं, आणि शिवीसुद्धा दिली तुम्हाला, ऐकलीत ना? "गाढवासारखं सगळ्यांचं ऐकीत ऱ्हायला," म्हणाली.

थोड्या वेळानं मी तिला फळ्याचं सांगितलं. ती उठली. बाईनं तेरा दिवस उंबरा ओलांडू नये म्हणून तुमच्या आत्या आडव्या आल्या, त्यांना बाजूला सारून ती संस्थेच्या खोलीत आली. फळा पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचला. मी ओलं फडकं घेतलं होतं. तिनं माझा हात धरला.

"त्यांचं पुसू नको. खाली लिही."

मी लिहिलं. तुमच्या अक्षरासारखं गोल काढायला गेले, जमलं नाही. "हे हाता-पायाच्या मांसाला लागू. हृदय यात धरू नये. ते आपोआप जुळत नाही. छातीत, डाव्या खांद्यात, पाठीत दुखले, घाम आला, दम लागला तर कोणाला फोन करत बसू नये. ताबडतोब बीडला जावे."

अक्का शेजारी उभी होती. "कोणाला इचारू बी नये, आसं लिही," ती म्हणाली. तेही लिहिलं.

संध्याकाळी नाना दूध घ्यायला बसले, तुमच्या क्रेटवर बसले नाहीत, उभ्यानंच घेत होते. रांग थोडी पुढं सरकली तसे वळून ते फळ्याकडं बघत राहिले. ओठ हलवत सगळं वाचलं. खाली माझं अक्षर जिथं सुरू होतं तिथं थांबले, पुन्हा वाचलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ताई," ते म्हणाले, "ह्ये हार्टाचं आमाला आदी कावून न्हाई सांगितलं?"

सगळी रांग माझ्याकडं बघत होती, दाजी.

मी म्हणाले, "पुढच्या खेपेला सांगणार होते."